डॉरिट ब्लॅकची पुस्तिका: लिनोकटच्या कामाची नोंदवही

८ जून २०२४, शनिवार

काम ठरलं. ॲडलेडमधल्या आमच्या रविवारच्या मराठी वर्गातली अकरा मुलं इथल्याच एखाद्या माणसावर पुस्तिका करणार. मजकूर मराठीत आणि मुलांचा, चित्रं लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, कोरून छापलेली), छपाई हाताने, प्रती ३०. माणूस मी निवडला: डॉरिट ब्लॅक. चित्रकार, छापचित्रकार आणि कलाशिक्षिका. जन्म २३ डिसेंबर १८९१, याच शहराच्या बर्नसाइड भागात. एकाही मुलाने नाव ऐकलं नव्हतं. इथे पंधरा वर्षं काढून मीही परवापरवापर्यंत ऐकलं नव्हतं.

माझी पात्रता: शाळेत केलेले भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे, इंटरमिजिएटला बी ग्रेड, गेल्या वर्षी दोन दिवसांची लिनोकट कार्यशाळा. बस.

हे करू पाहणाऱ्यांना एक कामाची गोष्ट: ती १९५१ साली गेली. १९५५ च्या आधी गेलेल्या चित्रकारांच्या चित्रांवर ऑस्ट्रेलियात आता कॉपीराइट नाही. त्यामुळे तिच्या चित्रांवरून ब्लॉक कोरून छापायला इथे कुणाची परवानगी लागत नाही.

बेत: चार चित्रं, प्रत्येकी चार रंग, सोळा ब्लॉक. (हा आकडा वाचून हसू आलं असेल तर तुम्ही हे काम आधी केलेलं आहे.) खर्चाचा अंदाज १८० डॉलर.

१५ जून

पहिला ब्लॉक पूर्ण वाया.

सुरुवात तिच्या १९३० सालच्या ‘द ब्रिज’ या तैलचित्रावरून. सिडनी हार्बरचा पूल, टोकदार पातळ्यांमध्ये मोडलेलं आकाश, खाली पाणी. मी नेहमीच्या सवयीने आधी काळ्या बाह्यरेषांचा ब्लॉक कोरला. विचार असा की एकदा रेषा छापल्या की आत रंग भरता येतील. सहा तास कोरलं. छापून पाहिलं तर बाजारात मिळणाऱ्या रंगवायच्या वहीचं पान!

रात्री पुन्हा वाचत बसले तेव्हा उलगडा झाला. डॉरिट १९२७ मध्ये लंडनला गेली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. तिथे वॉरिक स्क्वेअरमधल्या ग्रोव्हनर स्कूलमध्ये क्लॉड फ्लाइट लिनोकट शिकवायचा. त्याच्या पद्धतीत बाह्यरेषेचा ब्लॉकच नसतो. प्रत्येक रंगाचा स्वतंत्र ब्लॉक. एका रंगाची कड दुसऱ्या रंगाला जिथे भिडते तिथे आकार तयार होतो. दोन रंग एकावर एक आले की तिसरा फुकट मिळतो. रेषा मुद्दाम काढायची नाहीच.

म्हणजे मी जे आधी केलं, तेच नेमकं तिला टाळायला शिकवलं होतं. सहा तास आणि १२ डॉलरचा लिनो कचऱ्यात. मागची बाजू तागाच्या कापडाची, तिकडूनही वापरता येत नाही.

१७ जून

हा प्रयोग माझ्या हौसेचा, मुलांचा नाही. फ्लाइट छत्रीच्या काडीपासून कोरणी बनवायचा. लिनो म्हणजे घरातल्या जमिनीवर घालायची स्वस्त वस्तू, हत्यारंही घरातलीच, आणि छापचित्र सामान्य माणसाला परवडलं पाहिजे, असा त्याचा आग्रह. मला हे फार आवडलं. जुन्या वस्तूंच्या दुकानातून ४ डॉलरला छत्री आणली. काड्या पन्हळीसारख्या, यू आकाराच्या. एक कापली, टोक दगडावर घासून धार लावली, लाकडी मुठीत बसवली.

दहा मिनिटं झकास चालली. मग धार वळली. परत घासली, परत वळली. हल्लीच्या स्वस्त छत्रीचा पत्रा मऊ असतो, एवढंच कारण. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा काडी सटकून डाव्या तर्जनीत गेली. टाके पडले नाहीत, पण चार दिवस कोरता आलं नाही.

दोन गोष्टी लिहून ठेवते. कोरताना दुसरा हात कायम हत्याराच्या मागे ठेवा, पुढे कधीच नको. आणि थंडीत लिनो कडक होतो. इथे जूनमध्ये आमची शेड सकाळी नऊ अंशांवर असते. लिनोवर कापड टाकून मंद इस्त्री फिरवली किंवा अर्धा तास उन्हात ठेवला, तर लोणी कापल्यासारखा कापला जातो आणि जोर लावावाच लागत नाही. त्याला जवसाच्या तेलाचा वास येतो, तो मला आता आवडायला लागलाय.

२३ जून

मजकुराचा वर्ग. अर्धा तास एकाच गोष्टीवर गेला: डॉरिट ब्लॅकला ‘ती’ म्हणायचं की ‘त्या’? मुलांनी लिहिलं होतं ‘ती’. दोन पालकांचं म्हणणं, एवढी मोठी शिक्षिका, ‘त्या’च हवं. मुलं म्हणाली, इंग्रजीत तर सगळ्यांना सारखंच म्हणतात. शेवटी तेरा वर्षांच्या एका मुलीने तोडगा काढला: शिकत होती तोवर ‘ती’, शिकवायला लागल्या की ‘त्या’. पुस्तिकेत तसंच ठेवलंय. या वहीत मी ‘ती’च लिहिणार, मला सवय झालीय.

त्यातून नवीनच प्रश्न उभा राहिला. ती शिकत कधीपर्यंत होती? ॲडलेडला कलाशाळा झाली, १९१५ मध्ये सिडनीला ज्युलियन ॲश्टनच्या शाळेत गेली, मग लंडन. १९२८ मध्ये पॅरिसला चित्रकार आंद्रे लोटच्या अकादमीत, त्याच उन्हाळ्यात त्याच्याबरोबर मिरमांद गावी, सोबतीला ग्रेस क्रॉली आणि ॲन डँगर या सिडनीच्या मैत्रिणी. पुढच्या वर्षी थोडे दिवस आल्बेर ग्लेझ या चित्रकाराकडे. परतली १९२९ च्या अखेरीस, अडतिसाव्या वर्षी. आठ वर्षांच्या एका मुलाने हिशेब करून विचारलं, “ताई, म्हणजे ती माझ्या आईएवढी होईपर्यंत शाळेतच होती?” होय बाबा. मुलांनी ‘त्या’ १९३१ पासून सुरू केलं.

याच वर्गात माझी दुसरी मोठी चूक सापडली. पुलाचा दुसरा ब्लॉक मी सुधारून आणला होता. एक मुलगी पुस्तकातलं चित्र आणि माझा ब्लॉक शेजारी शेजारी ठेवून बघत होती. “ताई, हिचा पूल जोडलेला नाहीये.”

खरंच नाहीये. तिने पूल रंगवला तेव्हा त्याचं काम चालू होतं. कमानीचे दोन्ही हात दोन काठांवरून पुढे आलेले आणि मध्ये मोकळं आकाश. ते टोकाला टोक भिडले १९३० च्या ऑगस्टमध्ये, पूल खुला झाला मार्च १९३२ मध्ये. मी इतक्या वेळा पोस्टकार्डांवर पूर्ण कमान पाहिली होती की हाताने आपोआप पूर्णच कोरली. सबंध चित्राचा ताण त्या फटीत आहे आणि मी ती बुजवून ठेवली होती!

नशिबाने ही चूक सुधारण्यातली होती. लिनोत जे उभं राहिलंय ते नंतरही काढून टाकता येतं. दोन मिनिटांत फट मोकळी केली, त्याच मुलीच्या हाताने.

३० जून

तीन ब्लॉक तयार: पिवळट मातकट, निळा, गडद तपकिरी. तिन्हींवर कार्बन पेपरने वेगवेगळं चित्र उतरवलं होतं. छापले. निळा तीन मिलिमीटर उजवीकडे, तपकिरी दोन मिलिमीटर खाली. पुलाला सावली पडल्यासारखी आणि आकाशात जागोजागी पांढऱ्या भेगा.

एका मुलाचे आजोबा पुण्याहून आलेले आहेत, सहा महिने मुलीकडे राहणार. सगळे त्यांना काकाच म्हणतात. आयुष्यभर छापखान्यात खिळे जुळवले, पुढे ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र) चालवलं. ते मागे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, “अगं, तू प्रत्येक ब्लॉकला वेगळी आई दिलीस. एकाच पोटचे हवेत.”

त्यांनी सांगितलं ते असं. आधी सर्वांत जास्त आकार असलेला एकच ब्लॉक कोरायचा. तो गुळगुळीत कागदावर भरपूर शाईने छापायचा आणि शाई ओली असतानाच तो कागद दुसऱ्या कोऱ्या लिनोवर उपडा घालून घासायचा. पहिल्या ब्लॉकचं चित्र जसंच्या तसं दुसऱ्यावर उतरतं. मग तिसऱ्यावर. आता कोरायचं ते या उतरलेल्या चित्राला धरून.

आणि कागदासाठी पिना. ट्रेडलवर कागद टेकवायला लावतात तशाच: लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक. मी चार लावत होते. “चार लावल्यास की कागद कुठे टेकायचं ते त्यालाच कळत नाही.” ब्लॉक बसवायला जाड पुठ्ठ्याचा काटकोन फळीवर चिकटवला.

दोन ब्लॉक नव्याने कोरावे लागले. आठ तास. पण आता फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आहे, तो हाताच्या छपाईत शोभून दिसतो.

७ जुलै

मुखपृष्ठ. ‘डॉरिट ब्लॅक’ ही अक्षरं लिनोत कोरायची जबाबदारी दोघा मोठ्या मुलांची. त्यांनी फार सुंदर कोरली. काका चष्मा वर सरकवून ब्लॉकवर वाकले आणि म्हणाले, “हे मला सरळ वाचता येतंय. म्हणजे घोळ आहे.”

अक्षरं उलटी कोरायला हवी होती. हा धोका मला ठाऊक होता, चित्रांच्या वेळी मी लक्षातही ठेवला, अक्षरांच्या वेळी विसरले. तरी एक छाप काढून पाहिला. उलट्या छापात ‘रि’ची ऱ्हस्व वेलांटी दुसऱ्या बाजूला जाऊन दीर्घ झालेली. मुलं पोट धरून हसली: “ताई, शुद्धलेखनाचे दोन मार्क गेले!”

पुन्हा केलं. अक्षरं बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने लिहायची, कागद उपडा करून लिनोवर ठेवायचा, मागून घासायचं. देवनागरीपुरत्या आणखी दोन सूचना. शिरोरेखा पाच मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, कोरणी सटकली की ती तुटते आणि शब्दाचा कणाच मोडतो. ‘ड’ आणि ‘ब’ यांच्या पोटातली जागा वाटते त्याच्या दुप्पट खोल कोरा, नाहीतर दहाव्या प्रतीला शाईने भरून जाते.

१३ आणि १४ जुलै

कागदाने दोन दिवस खाल्ले.

माझ्याकडे चित्रकलेच्या वहीचा जाड कागद होता. प्रेस नाही, लाकडी चमच्याची पाठ कागदावर घासून छापायचं. जाड कागदावर घासून घासून खांदा भरून आला आणि छाप तरी बुरशी आल्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा. शाईला दोष दिला, रोलरला दोष दिला, थंडीला दिला. दोष कागदाचा होता. फ्लाइटचे विद्यार्थी पातळ पौर्वात्य कागदावर छापायचे ते नाजूकपणाच्या हौसेने नाही, हाताचा दाब एवढ्याच कागदातून पोचतो म्हणून. जपानी कोझो कागद आणला. महाग आहे. पण शाई बसली की मागून रंग दिसायला लागतो, त्यामुळे कुठे घासायचं राहिलंय ते उलटून न बघताच कळतं. गुळगुळीत बाजू खाली. वर बटर पेपर ठेवा, नाहीतर चमच्याने धागे उसवतात.

तेलाची शाई या थंडीत वाळायला एकेक थर पाच दिवस घेतेय. पुलाला तीन थर. दोरीवर चिमट्यांनी प्रती टांगल्यात, नवरा म्हणतो घरात कुरडया वाळत घातल्यासारखं वाटतंय.

२१ जुलै

सोळा ब्लॉकचा बेत आज अधिकृतपणे मोडला. पूल तीन रंगांत. बाकीची दोन चित्रं एकेका रंगात. चौथ्याचं अजून काही सुचलेलं नाही.

एकरंगी पहिलं: तिच्या १९२७–२८ च्या ‘म्युझिक’वरून, पियानो आणि नाचणाऱ्या आकृत्या. एका रंगात त्याचा जीव निम्मा होतो, कबूल. पण हातांच्या कमानी एकीतून दुसरी निघतात, तेवढं उतरलं. मुलांनी ते पाहून वर्गात फेर धरला.

दुसरं: ‘नॉक्टर्न, विनयार्ड स्क्वेअर’, १९३२. सिडनीतला रात्रीचा चौक. १९३१ मध्ये तिने ५६ मार्गारेट स्ट्रीटवर मॉडर्न आर्ट सेंटर सुरू केलं, फक्त आधुनिक कलेसाठी. प्रदर्शनं आणि वर्ग दोन्ही. मार्गारेट स्ट्रीट विनयार्डच्या बागेला लागूनच आहे, म्हणजे हे तिचं रोजचं जाण्यायेण्याचं चित्र. तो मंदीचा काळ. १९३३ मध्ये सेंटर बंद झालं. मुलांच्या मजकुरात एवढंच आहे: ‘त्यांचं दुकान चाललं नाही.’ मी ‘दुकान’च्या जागी ‘केंद्र’ करायला गेले आणि मग तसंच ठेवलं. भाडं भरायचं असतं तेव्हा दुकानच असतं ते.

निळ्यात थोडा काळा मिसळून छापलं. दिवे म्हणजे कोऱ्या कागदाच्या जागा. सोपं वाटतं, पण एक दिवा जास्त कोरला गेला आणि रात्रच फिकी पडली. तो बुजवायला लाकडाचं भरण लावून पाहिलं, दुसऱ्या छापाला उखडलं. जास्तीचा दिवा आमच्या सगळ्या प्रतींत आहे.

४ ऑगस्ट

चौथं चित्र तीन आठवडे अडलंय. विषय: शिकवणं.

तिची चित्रं समोर आहेत, त्यांवरून कोरता येतं. शिकवण्याचं काय कोरायचं? ती १९३५ मध्ये ॲडलेडला परतली, पुढे मॅगिल भागात घर बांधलं, १९४० च्या दशकात साउथ ऑस्ट्रेलियन स्कूल ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये अर्धवेळ शिकवलं. मी आधी फळ्यासमोर उभी बाई काढली. कुठल्याही शिक्षकदिनाच्या भेटकार्डावरची बाई! फाडलं. मग इझलभोवती विद्यार्थी काढले, तेही तसलेच.

काकांनी विचारलं, “तिच्या हाताखालून गेलेलं कुणी आहे का, ज्याच्या कामात ती दिसते?” आहे की. चित्रकार जेफ्री स्मार्ट. ॲडलेडचाच, जन्म १९२१. तिच्याकडून चौकटीची भूमिती शिकला आणि हे ऋण तो पुढे सांगत राहिला. पुढे इटलीला जाऊन राहिला. रिकामे महामार्ग, सरळ भिंती, फलक, एखादाच माणूस. आणि ही भूमिती डॉरिटला पॅरिसमध्ये लोटने दिलेली: चौकोनाचा कर्ण काढा, दुसऱ्या कोपऱ्यातून त्यावर लंब टाका, चित्रातल्या वजनदार गोष्टी त्या रेषांवर बसवा.

आज वर्गात ग्रंथालयातल्या पुस्तकावर बटर पेपर ठेवून स्मार्टच्या १९६२ च्या ‘केहिल एक्सप्रेसवे’वर मुलांनी कर्ण आणि लंब काढून पाहिले. अर्ध्या रेषा जुळल्या, अर्ध्या मुलांनी ओढूनताणून जुळवल्या. पण चित्र मिळालं. पहिला ब्लॉक: नुसता आयत, कर्ण, लंब, खडूसारख्या खरखरीत पांढऱ्या रेषांत. दुसरा ब्लॉक: त्या रेषांना टेकून उभा रस्ता, दूर एक लहान माणूस. बाई नाहीच.

रस्ता स्मार्टच्या चित्रातून उचललेला नाही. तो २०१३ साली गेला, त्याच्या चित्रांवर कॉपीराइट आहे. आमच्या वर्गाबाहेरचाच रस्ता काढलाय, बसथांब्यासकट.

१७ आणि १८ ऑगस्ट

उरलेली छपाई. एकूण आठ ब्लॉक, ३० प्रती, म्हणजे २४० वेळा शाई लावा, कागद टेकवा, घासा, उचला. एका छापाला साधारण पाच मिनिटं. शनिवारी दुपारी लक्ष उडालं आणि सात प्रतींवर रस्ता उलट्या बाजूने छापला, माणूस आकाशात. जादा कागद होता म्हणून निभावलं. एका बैठकीत पंचवीसपेक्षा जास्त छाप काढू नका.

हात, काच, रोलर आधी सूर्यफुलाच्या तेलाने पुसायचे, मग साबण. टर्पेंटाइन आणलंच नाही, मुलं होती.

मजकुराचं शेवटचं पान नऊ वर्षांच्या मुलाकडे होतं. त्याने लिहिलं होतं, ‘१९५१ मध्ये त्या गाडीच्या अपघातात मेल्या.’ मी ‘वारल्या’ सुचवलं. त्याला तो शब्दच माहीत नव्हता. त्याला वाटलं वाऱ्याशी काहीतरी आहे. अर्थ सांगितल्यावर स्वतःच बदलला. खाली त्याने तारीख घातली, १३ सप्टेंबर, आणि वय, ५९.

२५ ऑगस्ट, रविवार

शिवण झाली. तीन भोकं, मेणाचा दोरा. २७ पुस्तिका धड, तीनमध्ये पूल सरकलेला.

खर्च डॉलरमध्ये: लिनो ७२, शाई ८८, कागद ९६, हत्यारं ४५, रोलर २४, छत्री ४. एकूण ३२९. अंदाज १८० चा होता. वेळ: कोरणं ३१ तास, छपाई २३, त्याशिवाय वाया गेलेले १४. पहिल्यापासून पातळ कागद आणि तीन पिना असत्या तर १०० डॉलर आणि दोन शनिवार वाचले असते.

सरकलेल्या तीन प्रतींपैकी दोन काकांनी पुण्याला न्यायला मागितल्या. धड प्रत देत होते, घेतली नाही. छापखान्यातल्या जुन्या लोकांना दाखवायच्या आहेत म्हणाले, धड प्रतीत त्यांना बघण्यासारखं काय असणार.

ब्लॉक धुऊन, मध्ये बटर पेपर घालून, आडवे ठेवलेत. पुलाचा तपकिरी ब्लॉक फटीपाशी थोडा चुरतोय, त्यावर अजून वीसेक छाप निघतील. इथल्या कुणाला हवे असतील तर घेऊन जा, फक्त उन्हात गाडीत ठेवू नका.